बटण नसलेला प्रश्न : ‘गॅलेक्सी झू’ प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

ऑगस्ट २००७ मध्ये नेदरलँड्समधील शिक्षिका हॅनी फान आर्केल संगणकावर दीर्घिकांची चित्रे पाहत होत्या. प्रत्येक चित्राबाबत त्यांना विचारले जात होते ते एवढेच, की ही दीर्घिका सर्पिल आहे की लंबवर्तुळाकार. आयसी २४९७ या दीर्घिकेच्या चित्रात मात्र मुख्य आकृतीच्या खाली एक निळा, ओबडधोबड डाग दिसत होता. त्या डागाबद्दल कोणी काही विचारलेले नव्हते आणि तो नोंदवायला पडद्यावर एकही बटण नव्हते. दीर्घिकेच्या आकाराचे उत्तर देऊन पुढच्या चित्राकडे जाणे अगदी सोपे होते. फान आर्केल यांनी तसे न करता हा डाग कशाचा, असे प्रकल्पाच्या चर्चामंचावर विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी जगात कोणाकडेही नव्हते.

या लेखात ‘गॅलेक्सी झू’ या, इंटरनेटवर स्वयंसेवकांकडून दीर्घिकांचे वर्गीकरण करवून घेणाऱ्या प्रकल्पाच्या सुरुवातीच्या वर्षांचा एक प्रकरण म्हणून अभ्यास केला आहे. इंटरनेटमुळे ज्ञान सर्वांच्या हाती आले असे आपण सहज म्हणतो, परंतु माहिती हाती येणे आणि माणूस शिकू लागणे यांत बरेच अंतर असते. कोणत्याही पदवीची, वयाची किंवा देशाची अट न घालता लाखभर माणसांना एक अगदी छोटे, यांत्रिक वाटणारे काम दिले गेले, आणि त्यांच्यातील काही जण वर्णपट, म्हणजे प्रकाशाची रंगांनुसार केलेली फोड, वाचायला, निकष ठरवायला आणि शास्त्रज्ञांशी बरोबरीने चर्चा करायला शिकले. हे कसे घडले, याचा शोध घेताना माझे लक्ष त्या कामापेक्षा त्याच्या शेजारी असलेल्या मोकळ्या जागेकडे अधिक जाते. तिथे कोणीही काहीही विचारू शकत होते आणि तज्ज्ञही ‘आम्हाला माहीत नाही’ असे निःसंकोच म्हणत होते. माझ्या मते प्रकल्पाचे खरे यश त्या जागेत आहे, आणि अशा प्रकल्पांची आखणी करताना सर्वांत आधी कात्री लागते ती नेमकी तिलाच.

डोळ्यांची गरज

प्रकल्पाच्या मुळाशी एक अडचण होती. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात अपाचे पॉइंट येथे असलेल्या अडीच मीटर व्यासाच्या दुर्बिणीने ‘स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे’ या पाहणीत आकाशाच्या मोठ्या भागाची छायाचित्रे घेतली होती आणि त्यांत सुमारे दहा लाख दीर्घिका वर्गीकरणाची वाट पाहत होत्या. ऑक्सफर्ड विद्यापीठात पीएच.डी. करणारे केव्हिन शाविन्स्की यांना त्यांतील लंबवर्तुळाकार दीर्घिका वेगळ्या काढायच्या होत्या. अशा दीर्घिका बहुतेक वेळा जुन्या ताऱ्यांच्या आणि म्हणून लालसर असतात. परंतु शाविन्स्की यांना रस होता तो अपवादांत, म्हणजे लंबवर्तुळाकार असूनही ज्यांत नवे तारे जन्माला येत आहेत अशा निळसर दीर्घिकांत. संगणकाला रंगावरून निवड करायला सांगितले, तर हेच अपवाद पहिल्या चाळणीत गळून पडणार होते. त्या काळातील आज्ञावलींना केवळ आकार पाहून भरवशाचा निर्णय देता येत नव्हता. माणसाच्या डोळ्याला मात्र तो एका नजरेत देता येत होता.

शाविन्स्की यांनी सुमारे पन्नास हजार दीर्घिका स्वतः डोळ्यांखालून घातल्या. एवढे काम केल्यावर उरलेल्या कित्येक लाख चित्रांचे काय करायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे आणि त्यांचे सहकारी ख्रिस लिंटॉट यांच्यापुढे उभा राहिला. वर्षभरापूर्वी, २००६ मध्ये, ‘स्टारडस्ट अ‍ॅट होम’ या प्रकल्पात स्वयंसेवकांनी अंतराळयानाने आणलेल्या एरोजेल या अतिहलक्या पदार्थाच्या चित्रांत धूलिकण शोधायला सुरुवात केली होती. धुळीसाठी माणसे पुढे येतात, तर दीर्घिकांसाठी का येणार नाहीत, हा त्यांचा विचार होता. ११ जुलै २००७ रोजी गॅलेक्सी झू सुरू झाला. पहिल्या चोवीस तासांतच ताशी सुमारे ७०,००० वर्गीकरणे येऊ लागली आणि त्या भाराने चित्रे पुरवणारी यंत्रणा काही काळ कोलमडली. पहिल्या वर्षात जवळपास दीड लाख लोकांनी ५ कोटींहून अधिक वर्गीकरणे नोंदवली. एकेक दीर्घिका सरासरी अडतीस वेळा तपासली गेली.

आकडे मोठे आहेत, पण शिक्षणाच्या दृष्टीने ते फारसे काही सांगत नाहीत. बटण दाबणारा प्रत्येक जण काही शिकतोच असे नाही. आपण सगळेच दिवसभर पडद्यावर असंख्य बटणे दाबत असतो आणि त्यातून शहाणे होत नाही.

काम लहान, पण खरे

तरीही या छोट्या कामाचे काही गुण लक्षात घ्यायला हवेत. सहभागी होण्यापूर्वी एक लहानसा पाठ वाचून पंधरा चित्रांची चाचणी द्यावी लागे. पडद्यावर सहा पर्याय असत : लंबवर्तुळाकार, घड्याळाच्या दिशेने फिरणारी सर्पिल, उलट दिशेने फिरणारी सर्पिल, कडेने दिसणारी किंवा दिशा न कळणारी सर्पिल, एकमेकींत मिसळणाऱ्या दीर्घिका, आणि शेवटी तारा किंवा ‘सांगता येत नाही’. शाळेत जाणाऱ्या मुलालाही करता येईल असे हे काम होते, पण ते खोटे नव्हते. शिकवण्यासाठी म्हणून मुद्दाम रचलेला, उत्तर आधीच ठाऊक असलेला सराव आणि ज्याचे उत्तर कोणीतरी खरोखर वापरणार आहे असे काम यांतील फरक शिकणाऱ्याला फार लवकर कळतो. दुसऱ्या प्रकारच्या कामात माणूस अधिक सावध, अधिक प्रामाणिक आणि बहुधा अधिक जिज्ञासूही होतो.

पुढे या स्वयंसेवकांना सहभागाचे कारण विचारले गेले, तेव्हा सुमारे अकरा हजार जणांच्या उत्तरांत सर्वाधिक, म्हणजे जवळपास ४० टक्के लोकांनी ‘खऱ्या संशोधनाला हातभार लावण्याची इच्छा’ हे आपले मुख्य कारण सांगितले. सौंदर्य, कुतूहल, खगोलशास्त्राची जुनी ओढ अशी इतर कारणेही होती, पण पहिले स्थान उपयोगी पडण्याच्या इच्छेला होते. प्रौढांच्या शिक्षणाचा विचार करताना ही गोष्ट आपण वारंवार विसरतो. माणसाला आयुष्यभर शिकत राहण्यासाठी आपण अभ्यासक्रम, प्रमाणपत्रे आणि गुण देतो. आपल्या शिकण्याची कोणाला तरी गरज आहे, ही भावना मात्र क्वचितच देतो.

काम खरे होते याचा आणखी एक पुरावा म्हणजे स्वयंसेवकांच्या चुकाही संशोधनाचा विषय झाल्या. सर्पिल दीर्घिका आकाशात एका विशिष्ट दिशेने अधिक प्रमाणात फिरतात का, असा एक वादाचा प्रश्न होता आणि प्रकल्पाच्या नोंदींत घड्याळाच्या उलट दिशेच्या दीर्घिका खरोखरच जास्त दिसल्या. मग काही चित्रे आरशातल्यासारखी उलटी करून दाखवण्यात आली. विश्वात काही पक्षपात असता तर उलट्या चित्रांत त्याची दिशा बदलायला हवी होती. परंतु तेव्हाही लोकांनी घड्याळाच्या उलट दिशेचेच बटण अधिक वेळा दाबले. म्हणजे कल दीर्घिकांचा नव्हता, पाहणाऱ्यांचा होता. हा निष्कर्ष स्वयंसेवकांपासून लपवला गेला नाही. आपल्या डोळ्यांवर कितपत विसंबावे, हे शिकण्याचा इतका थेट धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळणे कठीण आहे, आणि तो हजारो लोकांना स्वतःच्याच नोंदींतून मिळाला.

प्रश्नांसाठीची जागा

प्रकल्प सुरू होताच संशोधकांकडे पत्रांचा ओघ सुरू झाला. हे काय आहे, ते असे का दिसते, हा ठिपका तारा की दीर्घिका, अशा शंकांना उत्तरे देणे मोजक्या माणसांच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यातून चर्चामंच उभा राहिला, म्हणजे सुरुवातीला त्यामागे फार मोठी शैक्षणिक कल्पना नव्हती. लोकांनी एकमेकांच्या शंकांचे निरसन करावे, हा साधा व्यवहार होता. पण तिथे थोड्याच दिवसांत स्वयंसेवक नियंत्रक तयार झाले, नवख्यांचे स्वागत होऊ लागले, आज ज्याला उत्तर मिळाले तो उद्या दुसऱ्याला उत्तर देऊ लागला. शिकण्याची ही सर्वांत जुनी रीत आहे आणि ती अनोळखी माणसांच्या दूरस्थ समूहातही उतरू शकते, हे इथे दिसले.

तिथल्या गप्पांतला बराचसा भाग निव्वळ खेळकर होता. दीर्घिकांच्या आकारांत प्राणी शोधले जात, अक्षरे शोधली जात. पुढे प्रकल्पातील खगोलशास्त्रज्ञ स्टीव्हन बॅमफर्ड यांनी अशा अक्षरांच्या आकाराच्या दीर्घिका वापरून कोणालाही आपला मजकूर दीर्घिकांत लिहिता येईल अशी सोय केली. एखाद्या काटेकोर व्यवस्थापकाला हा वेळेचा अपव्यय वाटला असता. मला तो या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. अक्षरे शोधण्यासाठी हजारो चित्रे निरखणारा माणूस नकळत नेहमीचे काय आणि वेगळे काय हे ओळखायला शिकतो. सर्जनशीलतेला लागणारी नजर अशा बिनकामाच्या वाटणाऱ्या पाहण्यातूनच तयार होते.

फान आर्केल या प्रकल्पापर्यंत कशा पोहोचल्या, हेही पाहण्यासारखे आहे. त्या ‘क्वीन’ या संगीतसमूहाच्या चाहत्या होत्या आणि समूहाचे गिटारवादक ब्रायन मे यांच्या संकेतस्थळावर त्यांनी गॅलेक्सी झूविषयी वाचले. मे यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात सुरू केलेले खगोलभौतिकीचे संशोधन १९७० च्या दशकात संगीतासाठी बाजूला ठेवले होते आणि तीस वर्षांहून अधिक काळानंतर, नेमके २००७ मध्येच, ग्रहमालेतील धुळीवरील आपला प्रबंध त्यांनी पूर्ण केला. लिंटॉट यांच्याशी त्यांचा लेखनाच्या निमित्ताने आधीपासून परिचय होता. म्हणजे एका वादकाने उत्तरवयात पुन्हा हाती घेतलेला अभ्यास, त्याची एका तरुण संशोधकाशी असलेली मैत्री आणि एका शिक्षिकेची संगीताची आवड या तीन धाग्यांतून तो निळा डाग योग्य डोळ्यांसमोर आला. इंटरनेटने हे धागे जोडले हे खरे, पण धागे स्वतः माणसांच्या ओढीचे आणि स्नेहाचे होते. आवडीनिवडीचा पूर्वअंदाज बांधून प्रत्येकाला त्याच्या ठरलेल्या कप्प्यातच गुंतवून ठेवणाऱ्या आजच्या यंत्रणा गिटार आवडणाऱ्या व्यक्तीला दीर्घिकांकडे नेतील का, याची मला काळजी वाटते.

डागाचा उलगडा

पुढच्या काही महिन्यांत त्या डागाकडे व्यावसायिक दुर्बिणी वळल्या. अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठाचे खगोलशास्त्रज्ञ विल्यम कील यांच्यासह अनेकांनी त्याचे वेध घेतले. डागाचे वर्णपट सांगत होते की तो मुख्यतः अतिशय तप्त, आयनीभूत (अणूंतून इलेक्ट्रॉन निसटलेल्या) वायूचा प्रचंड ढग आहे, आयसी २४९७ इतकाच आपल्यापासून दूर, म्हणजे सुमारे ६५ कोटी प्रकाशवर्षे अंतरावर, आणि आकाराने जवळपास आपल्या आकाशगंगेएवढा. मूळ चित्रात तो निळा दिसत असला, तरी त्याचा बहुतांश प्रकाश आयनीभूत ऑक्सिजनचा हिरवा प्रकाश होता. कोडे असे होते की एवढा वायू पेटवील असा कोणताही प्रखर स्रोत शेजारी दिसत नव्हता.

यावरचे जे स्पष्टीकरण पुढे आले ते फार सुंदर आहे. आयसी २४९७ च्या केंद्रातील महाकाय कृष्णविवराभोवती पूर्वी एक क्वासार, म्हणजे कृष्णविवरात पडणाऱ्या पदार्थामुळे प्रखरपणे तळपणारे केंद्र, धगधगत होता. त्याच्या प्रखर प्रकाशाने हजारो प्रकाशवर्षे दूर असलेला वायू आयनीभूत झाला. नंतर, गेल्या दोन लाख वर्षांच्या आत केव्हातरी, तो क्वासार विझत आला. थेट आपल्याकडे येणाऱ्या प्रकाशात आपल्याला केंद्र मंदावलेले दिसते, परंतु ढगापर्यंत जाऊन मग आपल्याकडे वळणाऱ्या प्रकाशाची वाट लांबची असल्यामुळे ढग अजून उजळलेलाच दिसतो. क्वासार किती वेगाने मंदावू शकतो, हे जाणून घेण्याची संधी अशा रीतीने एका न विचारलेल्या प्रश्नातून मिळाली. या वस्तूला ‘हॅनीज फोरवर्प’ (डच भाषेत ‘फोरवर्प’ म्हणजे वस्तू) असे नाव पडले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाच्या लेखकांत फान आर्केल यांचे नाव होते. हबल दुर्बिणीने घेतलेले या वस्तूचे चित्र जानेवारी २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

वर्तमानपत्रांनी ही कथा ‘शिक्षिकेला सापडली अवकाशातील गूढ वस्तू’ अशा थाटात सांगितली. त्यात खोटे काही नाही, पण नशिबाचा भाग त्यात नको तेवढा मोठा होतो. तीच दीर्घिका इतर अनेकांनीही पाहिली असणार, कारण प्रत्येक चित्र अनेकांना दाखवले जात होते. फान आर्केल यांना जे दिसले त्यापेक्षा त्यांनी ते विचारले, हे महत्त्वाचे. आणि त्यांनी विचारले यापेक्षाही त्या प्रश्नाची कोणी टिंगल केली नाही किंवा तो नेहमीच्या शंकांच्या ढिगात सोडून दिला नाही, हे माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. विचारण्याचे धैर्य व्यक्तीत असते, पण ते टिकते ऐकणाऱ्यांमुळे.

तो प्रश्न एकट्या फान आर्केल यांच्यापाशी थांबलाही नाही. असे आणखी ढग असतील का, या शंकेतून सुमारे दोनशे स्वयंसेवकांनी सोळा हजारांच्या आसपास दीर्घिकांची चित्रे पुन्हा तपासली. दुर्बिणींनी केलेल्या पडताळणीनंतर, केंद्रापासून दूरवर पसरलेला असा आयनीभूत वायू असलेल्या १९ दीर्घिका निश्चित झाल्या आणि त्यांवरील निबंध २०१२ मध्ये आला. कील यांनी स्वतःही चर्चामंचावर मदत मागितली होती : एका दीर्घिकेसमोर दुसरी आलेली दिसते अशा जोड्या त्यांना धुळीच्या अभ्यासासाठी हव्या होत्या. स्वयंसेवकांच्या मदतीने अखेर १,९९० जोड्यांची यादी तयार झाली. प्राध्यापकाने मागावे आणि सर्वसामान्यांनी द्यावे, हा उलटा प्रवाहही त्या जागेत तितक्याच सहजपणे वाहत होता.

वाटाण्यांची चर्चा

शिकण्याच्या दृष्टीने निळ्या डागापेक्षाही बोलके उदाहरण हिरव्या ठिपक्यांचे आहे. तेही ऑगस्ट २००७ मध्येच सुरू झाले. काही चित्रांत लहान, गोल, हिरवे ठिपके दिसत होते आणि वाटाण्यांसारख्या त्या ठिपक्यांवर थट्टेच्या सुरात चर्चा सुरू झाली. लोक आपापले ‘वाटाणे’ आणून दाखवू लागले. संग्रह वाढला तसे काहींच्या लक्षात आले की यांतले काही ठिपके साधे तारे आहेत, काहींचा हिरवेपणा हा निव्वळ चित्रातला दोष आहे, आणि उरलेले काही मात्र यांपैकी कशातच बसत नाहीत.

थट्टेचे शिस्तीत रूपांतर इथून सुरू झाले. स्लोन पाहणीतील वर्णपट सर्वांसाठी खुले होते. स्वयंसेवकांनी ते उघडून पाहिले, न समजणाऱ्या रेषांबद्दल विचारले, ज्यांना थोडे कळत होते त्यांनी इतरांना समजावले. खऱ्या वाटाण्यांच्या वर्णपटात आयनीभूत ऑक्सिजनची एक असाधारण ठळक रेषा असते, हे त्यांना हळूहळू उमगले. मग रंगावरून आणि या रेषेवरून निकष बांधणे, निकषात न बसणारी उदाहरणे वगळणे, पाहणीच्या माहितीसाठ्याला नेमकेपणाने प्रश्न विचारण्यासाठी लागणारी संगणकीय भाषा शिकणे, अशी एकेक पायरी हा लहान गट चढत गेला. त्यांना कोणी अभ्यासक्रम दिला नव्हता. पुढे काय शिकायचे हे हातातील प्रश्न ठरवत होता. वर्णपटाचा अध्याय आधी आणि त्याचा उपयोग नंतर, ही आपल्या सवयीची मांडणी इथे उलटी झाली. आधी एक हिरवा ठिपका होता, आणि तो समजून घ्यायचा म्हणून वर्णपट शिकला गेला.

त्यानंतर येल विद्यापीठातील संशोधक कॅरोलिन कार्डमोन यांनी हे काम पुढे नेले. पाहणीतील सुमारे दहा लाख दीर्घिकांतून अशा केवळ अडीचशेच्या आसपास वस्तू निघाल्या. त्या दीड ते पाच अब्ज प्रकाशवर्षे दूर असलेल्या, आपल्या आकाशगंगेच्या शंभराव्या हिश्शाएवढ्या वस्तुमानाच्या लहान दीर्घिका होत्या, आणि तरीही तिच्या सुमारे दहापट वेगाने नवे तारे घडवत होत्या. २००९ च्या शोधनिबंधात त्यांना ‘ग्रीन पीज’ या, स्वयंसेवकांनीच थट्टेत रूढ केलेल्या नावाने वैज्ञानिक स्थान मिळाले. विश्वाच्या बाल्यावस्थेतील दीर्घिका कशा असतील, याचा जवळचा नमुना म्हणून आज त्यांचा अभ्यास होतो; जेम्स वेब दुर्बिणीच्या पहिल्या सखोल चित्रातील तीन अतिप्राचीन दीर्घिका या वाटाण्यांशी मिळत्याजुळत्या असल्याचे २०२३ च्या सुरुवातीला जाहीर झाले.

इथे एक खटकणारी बाजू नोंदवणे आवश्यक आहे. फोरवर्पच्या निबंधात फान आर्केल सहलेखिका होत्या. वाटाण्यांचा गट मात्र निबंधाच्या आभारांत आला. संशोधनाच्या प्रचलित नियमांनी ते योग्य असेल, आणि त्या गटाची नावे तिथे आदराने घेतली गेली हेही खरे. तरीही प्रश्न विचारणे, निकष बांधणे आणि नमुने निवडणे हे काम संशोधनाचे नाही तर कशाचे, असे मला विचारावेसे वाटते. एकट्या माणसाने लावलेला शोध आपण ओळखतो आणि त्याला नाव देतो. दहा-बारा जणांच्या गप्पांतून, कोणाचे वाक्य कुठे संपले आणि कोणाचे कुठे सुरू झाले हे सांगता न येणाऱ्या रीतीने जन्मलेल्या कल्पनेचे श्रेय कसे मोजायचे, हे संशोधनाच्या जगाला अजून नीट ठरवता आलेले नाही. इंटरनेटवरील सर्जनशीलता मात्र बहुतांशी अशीच असते.

मर्यादा

लाखभर लोक शिकले, असा निष्कर्ष यावरून काढता येणार नाही. अशा सर्व उपक्रमांत बहुतेक लोक थोडा वेळ येतात आणि निघून जातात. बरेचसे काम थोडीच माणसे करतात, आणि बोलणारे त्यांहूनही कमी असतात. ज्यांच्याकडे संगणक, जोडणी, मोकळा वेळ आणि इंग्रजी नव्हते, त्यांच्यासाठी हे दार कागदोपत्री उघडे असले तरी प्रत्यक्षात बंदच होते. आकाश सर्वांचे असले, तरी त्याबद्दल प्रश्न विचारण्याची भाषा सर्वांची नव्हती, आणि ही उणीव मला इतर सर्व उणिवांपेक्षा गंभीर वाटते, कारण बटण दाबायला भाषा फारशी लागत नाही पण शंका मांडायला लागते. स्थानिक भाषेत चित्रे आणि बटणे देऊन चर्चा मात्र इंग्रजीतच ठेवली, तर लोकांना कामापुरते बोलावले आणि शिकण्यातून वगळले, असे होते.

दुसरी मर्यादा माणसांची आहे. चर्चा जिवंत ठेवणारे नियंत्रक स्वयंसेवकच होते आणि संशोधकांनाही आपापले निबंध, अध्यापन आणि नोकऱ्या होत्या. नवख्याच्या दहाव्यांदा आलेल्या त्याच प्रश्नाला पहिल्याच आस्थेने उत्तर देणे हे श्रमाचे काम आहे, आणि कोणत्याही अहवालात त्याचा रकाना नसतो. वर्गीकरणे मोजता येतात, निबंध मोजता येतात. धीराने दिलेली उत्तरे कोणी मोजत नाही. म्हणून निधी कमी पडला की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडते.

यंत्रे आल्यानंतर

२००७ मध्ये संगणकाला न जमणारे काम आज त्याला बऱ्यापैकी जमते. विशेष म्हणजे, स्वयंसेवकांनी दिलेल्या कोट्यवधी उत्तरांवरच हे संगणक शिकले. २०१४ मध्ये गॅलेक्सी झूच्या नोंदी वापरून यंत्राकडून वर्गीकरण करवण्याची खुली स्पर्धा झाली आणि उदाहरणांवरून शिकणाऱ्या ‘न्यूरल नेटवर्क’ या संगणकप्रणालीने माणसांच्या कौलाचा फार जवळचा अंदाज बांधून दाखवला. त्यानंतरच्या वर्षांत यंत्र आणि स्वयंसेवक यांना एकत्र जोडण्याची पद्धत आली : यंत्र सोप्या दीर्घिका स्वतः हाताळते आणि ज्यांबद्दल त्याला खात्री नाही त्या माणसांपुढे ठेवते. येणाऱ्या पाहण्यांत दीर्घिकांची संख्या अब्जावधींच्या घरात जाणार असल्याने याला पर्यायही नाही. केवळ माणसांच्या डोळ्यांवर विसंबून एवढ्या दीर्घिका कधीच पाहून होणार नाहीत, आणि यंत्राला होणारे काम माणसांकडून करवून घेणे हा त्यांच्या वेळेचा अनादर होईल.

मात्र या पद्धतीचा शिकण्यावर काय परिणाम होतो, हे वेगळे तपासायला हवे. नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी केवळ अवघड, संदिग्ध चित्रे दिसू लागली, तर नेहमीची दीर्घिका कशी असते हे त्याला कधी कळणार? आणि नेहमीचे काय हे ठाऊक नसेल, तर वेगळे काय हे त्याला कशावरून दिसणार? फान आर्केल यांची नजर त्या डागावर खिळली, कारण त्याआधी त्यांनी डाग नसलेल्या अनेक दीर्घिका पाहिल्या होत्या. आफ्रिकेतील वन्यप्राण्यांची स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेली छायाचित्रे ओळखण्याच्या ‘स्नॅपशॉट सेरेंगेटी’ या प्रकल्पात असेच काही आढळले. तिथे अनेक छायाचित्रांत गवताशिवाय काहीच नसते, आणि अशी रिकामी छायाचित्रे गाळली तर लोकांचा वेळ वाचेल असा तर्क कोणीही करील. प्रत्यक्षात रिकाम्या छायाचित्रांचे प्रमाण अधिक होते तिथे स्वयंसेवक जास्त वेळ टिकून राहिल्याचे अभ्यासात दिसले. वाट पाहणे हाही त्या अनुभवाचा भाग होता.

म्हणून असा प्रकल्प नव्याने आखणाऱ्यांना माझे सांगणे असे, की यंत्राकडे काम सोपवताना माणसांपुढे येणाऱ्या चित्रांत साध्या, नेहमीच्या चित्रांचा एक वाटा जाणीवपूर्वक राखून ठेवावा, आणि तो कार्यक्षमतेच्या हिशेबात तोटा म्हणून न धरता प्रशिक्षणाचा खर्च म्हणून मांडावा. प्रत्येक चित्रापासून चर्चेपर्यंत जाणारा रस्ता एका क्लिकचा असावा आणि ती चर्चा स्वयंसेवकाच्या भाषेत करता यावी. संशोधकांच्या कामाच्या वेळापत्रकात प्रश्नांना उत्तरे देण्याचे तास लिहिलेले असावेत, त्यासाठी निधी मागताना संकोच नसावा, आणि गटाने मिळून बांधलेल्या निकषांचे श्रेय लेखकांच्या यादीत कसे द्यायचे, हे पहिले चित्र दाखवण्यापूर्वीच ठरलेले असावे.